तेविसाव्या आडनावातलं चौथं अक्षर

हुतात्म्यांची आठवण राहावी म्हणून स्मारक बांधतात. एकदा ते बांधलं, की आठवण ठेवायचं काम दगडाकडे जातं आणि माणसं आपापल्या कामाला लागतात. ही व्यवस्था अत्यंत सोयीची असून तिच्याविरुद्ध आजवर एकही तक्रार आलेली नाही. (मी उद्यान विभागात तक्रारींचाच कारकून होतो, म्हणून खात्रीने सांगतो.)

आमच्या युद्धस्मारकाबद्दल एकच किरकोळ अर्ज होता. खांबावर सत्तेचाळीस नावं; त्यांतल्या तेविसाव्या आडनावाचं शेवटचं अक्षर कोरायचं राहून गेलं होतं. चार अक्षरी माणूस तीन अक्षरांत उरकला होता. त्याची धाकटी बहीण कपडे शिवायची. वय एकाहत्तर, सगळ्यांची मावशी. त्या दर वर्षी अर्ज आणत, मी पोच देई. आमचे संबंध उत्तम होते.

मग भूगोलाचे शिक्षक, ज्यांना सगळे होकायंत्र सर म्हणत, निवृत्त झाले आणि त्यांनी गावात जिओकॅशिंग आणलं. म्हणजे एकाने डबा लपवायचा, बाकीच्यांनी मोबाईलवर अक्षांश-रेखांश टाकून तो शोधायचा, आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तिथेच ठेवून घरी जायचं. (कुणालाच काही मिळत नाही, त्यामुळे गैरव्यवहाराला वाव नाही.) सरांनी अक्षांश-रेखांशाचे आकडे स्मारकात दडवले. पायऱ्या किती? साखळीला कड्या किती? तेविसाव्या आडनावात अक्षरं किती?

पूर्वी स्मारकाला वर्षाकाठी दोन भेटी होत, पैकी एक आमच्या माळ्याची. आता एका रविवारी एकशे चाळीस माणसं येऊ लागली. सहकुटुंब येत, नावांवर बोट फिरवत. "हे स्मारक कोणत्या युद्धाचं?" असं आम्ही पाहणीत विचारलं, तेव्हा एक्याण्णव टक्के लोकांनी "ते कोड्यात नाहीये" असं अचूक उत्तर दिलं.

गर्दी पाहून मोठ्या साहेबांनी स्मारकाची फाईल मागवली आणि एकोणीस वर्षांनी मावशींचा अर्ज मंजूर झाला. पाथरवट छिन्नी घेऊन आला. मावशी ठेवणीतले कपडे घालून समोर उभ्या राहिल्या. छिन्नी दगडाला टेकते न टेकते तोच सर धापा टाकत आले.

"थांबा! तिनाचे चार झाले तर डबा थेट तळ्याच्या मधोमध जातो!"

"मग कोडं बदला की," मावशी म्हणाल्या.

"असं कसं बदलणार, मावशी? बाराशे लोकांनी सोडवलंय. त्यांचं उत्तर चुकीचं ठरेल."

"आणि माझ्या दादाचं नाव?"

"त्यांच्याबद्दल सगळ्यांनाच आदर आहे," सर म्हणाले. रांगेतल्या लोकांनी माना डोलावल्या. (रांग न सोडता.)

बैठक झाली. साहेबांनी सुवर्णमध्य काढला: दगड आहे तसा राहील, शुद्ध नाव चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवावं. शोधेल त्याला दिसेल. त्या दिवशी मावशींनी पोच मागितली नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. मला उगाचच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या कचेरीत आल्या. "मोबाईल आहे ना तुमच्याकडे? चला."

पायऱ्या मी मोजल्या, कड्या मी मोजल्या. तेविसाव्या नावाशी त्या न मोजताच जाऊन थांबल्या. डबा तळ्याकाठच्या पंपघरामागे, भिंतीच्या खोबणीत निघाला. चिठ्ठी वाचून त्यांनी ती फाडली. वही मांडीवर घेतली आणि स्वतःची सही न करता भावाचं नाव लिहिलं. पुढे वय लिहिलं, बावीस. चौथं अक्षर दोनदा गिरवलं.

"कितीसा दगड लागला असता हो?" त्या म्हणाल्या, आणि डबा होता तिथे ठेवून दिला. नियमाप्रमाणे.

त्या ओळीबद्दल आठवड्याभरात तीन तक्रारी आल्या. शोधणाऱ्याने फक्त सही करायची असते, वय लिहून जागा अडवायची नसते. मी तिन्हींना पोच दिली.

आपण इथवर वाचत आलात. नाव कितवं, अक्षरं किती, डबा कुठे, सगळं आपल्याला पाठ झालं असेल. त्याचं नाव काय होतं, हे मात्र आपण एकदाही विचारलं नाही. त्याबद्दल विभाग आपला आभारी आहे.