साडेपाच मीटर अपूर्णांक

"शनिवारपर्यंत पाचवीची पोरं अपूर्णांकांची बेरीज डोळे मिटून करतील, सर. आणि तीही हसत हसत!" योगिताने मुख्याध्यापकांच्या टेबलावर हात आपटून सांगितलं. हात जरा जोरातच आपटला. सरांचा चहा बशीत आला.

"हसत?" गणपतसर खवळले. "बाई, डिंडोलीत तीस वर्षं गणित शिकवतोय मी. माझ्या तासाला एक पोरगं हसलेलं नाही!"

"ते दिसतंच आहे, सर."

झालं! सरांनी हुकूम सोडला. शनिवारी पालकसभा, निरीक्षकही येणार. एकाही बाकावर कॉमिकचा कागद दिसता कामा नये. पोरांना गणित आलं तर कॉमिक पुढं चालू. नाही आलं तर ती सोळाही पानं रद्दीत!

ती सोळा पानं योगिताच्या वडिलांची होती. सुकदेवअण्णांनी पांडेसऱ्याच्या प्रिंट मिलमध्ये उभा जन्म साडीवरची फुलं काढली. शेवटच्या आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी लेकीच्या वर्गासाठी अपूर्णांकांचं हे कॉमिक, 'टेपमामा', काढलं. गळ्यात टेप, काडीसारखे पाय, दिसेल ती वस्तू मापायची खोड. मामा भाकरी मापायचा, म्हैस मापायचा, झोपलेल्या मामीचं घोरणंही मापायचा. चैत्रात अण्णा गेले. टेपमामा मात्र रोज तिसऱ्या तासाला वर्गात येत होता, आणि त्याला रद्दीत घालायची कुणाची छाती आहे ते योगिता बघणार होती.

पानं हाताळून मऊ पडली होती. म्हणून ती घेऊन योगिता अण्णांच्या मिलमधल्या सोबत्याकडे, हेमराजकाकांकडे गेली.

"काका, पोरांना घरी अभ्यासाला पंचवीस प्रती हव्यात. बुधवारपर्यंत. आणि फाटणार नाहीत अशा!"

"तुना बापनं काम से, बेटा. माले सांगानी गरज नही!" काका म्हणाले.

बुधवार गेला. गुरुवार गेला. शुक्रवारी काकांचा फोन बंद. पोरांनी आपला फळ्यावरच्या टेपमामावर सराव केला. शनिवारी सकाळी योगिताने बाक तपासले. एक चिटोरं नाही! गणपतसर मिशीत हसले.

आणि मग पालक आले.

पंचवीस आया. पंचवीस साड्या. एकच डिझाइन! वत्सलाबाईंच्या निऱ्यांमध्ये टेपमामा म्हैस मापत होता. रुपालीच्या आईच्या पाठीवर मामी घोरत होती. वर्गाच्या मागच्या भिंतीला जणू कॉमिकचा पडदाच लागला!

दारात हेमराजकाका छाती काढून उभे. "कागद फाटस, बेटा. कापड नही फाटत! फॉल्टना ताका पडेल व्हता, त्यावरच छापी टाकं. आज सकाळीच तुनी काकूनी, शोभानी, घरोघर वाटी टाक्यात. शाळानी साडी से सांगं, बठ्ठ्या बाया नेसीसन उनात!"

"काका, मला पुस्तकं हवी होती!"

"मंग पदर कोठे लावतू?"

तीस वर्षं प्रिंट मिलमध्ये घालवलेल्या माणसाला पदर नसलेली वस्तू सुचणार तरी कशी? पदराला मोठं चित्र लागतं, म्हणून त्यांनी नववं पान तिथं घेतलं होतं. योगिताने पदर पाहिला. नवव्या पानावर अण्णांच्या हातून चूक झाली होती. अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश! वर्गात ती त्यावर बरोबर उत्तराची पट्टी चिकटवायची.

"काका, पट्टी कुठाय?"

"ती? सुकदेवना चित्रावर कोन्ही तरी कागद डकाडेल व्हता. मी हलका हाते काढी लिधा!"

गुजराती निरीक्षक आत आले. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"बेन, आ शुं छे?"

"पालक आहेत, साहेब," गणपतसर घाईघाईने म्हणाले.

साहेबांचं बोट वत्सलाबाईंच्या पदरावर टेकलं. "असं शिकवता तुम्ही?" त्यांनी आता मराठीत विचारलं.

गणपतसरांचा चेहरा दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा उजळला. तेवढ्यात बाकावरून सोनाली ओरडली, "आई, तुझा पदर चुकलाय!"

"गप बस कार्टे, आत्ताच नीट केला!" वत्सलाबाई पदर सावरत म्हणाल्या.

"तसं नाही गं! पाचातले दोन म्हणजे अर्ध्याहून कमीच. अर्ध्यात आणखी तिसरा हिस्सा घातला, तर साडी आखडली का?"

सगळा वर्ग उसळला. घरोघरी साड्यांच्या घड्या घालून वाढलेली पोरं ती! चौघींनी पदर धरला, ताणला. वत्सलाबाई भोवऱ्यासारख्या अर्ध्या फिरल्या. "अगं सुटेल!" पदराच्या सहा सारख्या घड्या पडल्या. "अर्धा म्हणजे तीन घड्या! तिसरा हिस्सा दोन घड्या! पाच षष्ठांश!" मागच्या आयाही आपापले पदर दुमडून पडताळू लागल्या. सगळे हसत होते. गणपतसर सोडून.

निरीक्षक योगिताकडे वळले. "हे कुणी लिहिलं?"

"माझ्या वडिलांनी."

"चूक आहे."

"आहे."

"मग नवीन काढून घ्या की."

"ते आता नवीन काढणार नाहीत, साहेब. आणि दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं. मग त्यांनी शेरेबुकात लिहिलं : 'पाचवीचं गणित उत्तम. कॉमिक चालू ठेवावे. साडीचा प्रयोग स्तुत्य. दर शनिवारी शिक्षिकांनीही नेसावी.'

गणपतसर लेखी हुकूम मोडणाऱ्यांतले नव्हेत. आता दर शनिवारी योगिता टेपमामा नेसून वर्गात येते. दारापासून फळ्यापर्यंत बारा पावलं आहेत, आणि प्रत्येक पावलाला एक पोर उठून तिच्या बापाची चूक दुरुस्त करतं. "बाई, पाच षष्ठांश!"

"माहीत आहे," ती पदर खोचत म्हणते. "खाली बस!"