सहाव्या बोटाचा ड्रायव्हर

पापडाच्या कारखान्यातल्या बत्तीस बायकांच्या अंगात रोज सकाळी नऊला नेटवर्कवरून एकच इमेज, म्हणजे कसबाची सगळ्यांना सारखीच नक्कल, उतरवली जायची. मानेला वायर लावायची, दोन मिनिटं डोळे मिटायचे, की लाटायचं सगळं कसब सर्व्हरवरून हातात यायचं. पाचला ते काढून घेत.

कौसाबाई खिल्लारे नवीन. तिच्या उजव्या करंगळीशेजारी सहावं बोट, आणि इमेजमध्ये त्या बोटाचा ड्रायव्हरच, म्हणजे ते हलवणारा प्रोग्रॅमच, नव्हता. नऊ ते पाच ते मेल्या पालीसारखं लोंबायचं, लाटण्याखाली यायचं, पापडाला वळ उठायचा. घरी मात्र तेच बोट सुईत दोरा ओवायचं.

शनिवारी संगणक विभागाच्या देवरेंनी तिला बोलावलं.

"बाई, सोमवारपर्यंत बोट काढून घ्या. नाहीतर कामावर येऊ नका."

"बोट धडधाकट आहे साहेब. खोट तुमच्या डब्यात. त्यातच घाला की ते."

"इमेजमध्ये घातलं की बत्तीसही जणींत उतरतं. एकीपुरतं घालता येत नाही."

"उतरू द्या. कुणाच्या बापाचं काय जातंय?"

देवरेंनी खणातून नव्या ड्रायव्हरचा फॉर्म काढला.

"बोट कोणत्या कंपनीचं?"

"आमच्या आईच्या."

"मॉडेल?"

"बेचाळीस वर्षं झाली, एकदाही दुरुस्तीला गेलं नाही. लिहा."

"काम काय करतं?"

"गाठ सोडतं, तव्यावरची भाकरी फिरवतं, नवऱ्याला गप्प बसवतं."

"ते कसं?"

"नुसतं दाखवायचं."

देवरेंनी तेही लिहिलं. मग म्हणाले, बिनसहीचा ड्रायव्हर सर्व्हर घेत नाही. कौसाबाईनं शाईच्या पॅडवर बोट दाबलं आणि फॉर्मवर उठवलं.

रविवारी तिचा पाय घरात ठरेना. सर्व्हरनं नाकारलं तर? भांडी घासली, पुन्हा घासली. बोट आपलं चौकटीवर टकटक करत राहिलं.

सोमवारी वायर लागली. डोळे उघडले तर बोट हललं. लाटण्याच्या टोकाला ते आपसूक जाऊन बसलं आणि पहिला पापड गोल, बिनवळाचा उतरला. कौसाबाईनं दुसरा गोळा ओढला.

पण बाकीची लाटणी थांबली होती. एकतीस बायका आपापल्या करंगळीशेजारी बघत होत्या.

"माझं कुठं गेलं?" कुणीतरी विचारलं. दोघींनी पोळपाट उचलून खाली बघितलं.

देवरे रजिस्टर घेऊन आले. एकतीस नावांपुढे 'एक बोट कमी' लिहिलं, कौसाबाईच्या नावापुढे 'पूर्ण'. सगळ्यांना लाटत राहायला सांगून गेले.

जेवणाच्या सुट्टीत चंद्रकला तिच्या शेजारी येऊन टेकली.

"कौसा, माझं सहावं सकाळपासून खाजतंय गं."

"कुठं?"

"हे बघ, करंगळीच्या बाहेर."

कौसाबाईनं आपल्या सहाव्या बोटाच्या नखानं तिथली हवा खाजवली.

"जरा वर. हं. तिथंच." चंद्रकलेनं डोळे मिटले.

तिच्यामागे सातजणी हात पुढे करून उभ्या होत्या.

"रांगेनं या," कौसाबाई म्हणाली. "आणि हात धुऊन या, पीठ लागतंय माझ्या बोटाला."