निळ्या किटलीचा चोर

गोदामातून कपबशा नाहीशा होत होत्या आणि राखणदाराच्या तोंडचं पाणी पळालं होतं. महिनाअखेरपर्यंत चोर सापडला नाही तर तुमच्या जागी कॅमेरा बसवतो, असं मालकांनी त्याला सांगून टाकलं होतं. कॅमेऱ्याला जेवणाची सुट्टी लागत नाही, हेही वर ऐकवलं होतं.

राखणदार हळव्या मनाचा. एखादी बशी फुटली तरी घरचं माणूस गेल्यासारखा बसून राहायचा, डबासुद्धा उघडायचा नाही. अशा माणसाला चोराचा पत्ता लागावा कसा? तरी त्याने शक्कल लढवली. मोठ्या दरवाजापुढे खोकी रचली आणि सगळ्यांनी मागच्या बोळातूनच जायचं, असं फर्मान काढलं. बोळाच्या तोंडाशी स्वतः टेबल टाकून बसला. वळणापलीकडचं त्याला दिसत नसे, पॅकिंग यंत्राच्या खडखडाटात काही ऐकूही येत नसे. पण चोर शेवटी आपल्याच समोरून जाणार, हा त्याचा हिशेब.

चोरी वाढली. त्याने बोळातही खोकी लावून वाट आणखी अरुंद केली. जाड्या पॅकर पोट आत ओढून शिरायचा आणि टेबलापाशी आल्यावर श्वास सोडायचा. चोरी आणखी वाढली.

राखणदाराची बायको त्याच गोदामात होती. कामगारांना इजा होऊ नये हे बघणं तिचं काम. दिवसभर "हळू, हळू" करत फिरायची, म्हणून सगळे तिला हळूबाई म्हणत. एका सकाळी ती टेबलापाशी आली.

"अहो, दरवाजापुढची खोकी काढा. आग लागली तर माणसं बाहेर कुठून पडतील?"

"आधी माल बाहेर पडतोय तो थांबू दे."

"आणि वळणावरची पायरी हलते. कुणीतरी आपटेल."

"आपटलंय का कुणी आजवर? आलीये का तक्रार?"

हळूबाई उगाचच कोपर चोळत निघून गेली.

दुपारी राखणदाराने चोरासाठी आमिष लावायचं ठरवलं. उंची कपांचा ट्रे उचलून तो बोळात शिरला. वळणावर पायरी हलली, ट्रे पुढे गेला, राखणदार मागे बसला. लागलं फारसं नाही, पण एकही कप धड राहिला नाही. मालकांनी बघितलं तर कॅमेरा आजच येईल, या भीतीने त्याने तुकडे टोपीत भरले आणि वळणापलीकडच्या अंगणातल्या पॅकिंगच्या पेंढ्याच्या ढिगाकडे धाव घेतली.

पेंढा उकरला तर खाली तुकडेच तुकडे. कपांचे, बशांचे, कानांचे. इतक्यात मागे पाऊल वाजलं. हळूबाई उभी होती आणि तिच्या एप्रनखालून निळ्या किटलीची चोच डोकावत होती.

"तू?"

"तुम्ही?"

दोघांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं.

"काल पडले त्या पायरीवरून," ती म्हणाली. "ही फुटली. कपाटात लपवली होती."

"अगं, मग सांगायचं ना मला."

"काय सांगायचं? बशी फुटली तर तुम्ही जेवत नाही. ही तर किटली. तुमचं तोंड बघवलं नसतं मला."

राखणदार ढिगाकडे बघत राहिला. "म्हणजे ही सगळी माणसं माझ्या जेवणाची काळजी करत होती?"

"हो, आणि फुटलेलं लपवायचं म्हणून पडलेलंही लपवत होती. मला वाटलं मी सोडून कुणी पडत नाही, तुम्हाला वाटलं कुणी चोरतंय."

तिचं कोपर त्याने हळूच तपासलं. मग दोघांनी मिळून दरवाजापुढची खोकी हटवली, मिस्त्रीला बोलावून पायरी पक्की करून घेतली आणि मालकांसमोर जाऊन उभे राहिले.

"चोर सापडला," राखणदार म्हणाला. "वळणावरची पायरी. आणि सगळ्यांना तिच्याकडे धाडणारा मी." त्याने काहीही न लपवता सगळं सांगितलं. "आता बसवा कॅमेरा."

मालकांनी खण उघडला आणि साखरेच्या भांड्याची दोन शकलं टेबलावर ठेवली.

"हेही त्यातच धरा. परवा मीही पडलो."

"मग बोलला का नाहीत?" हळूबाईने विचारलं.

"यांचं तोंड बघवलं नसतं हो," मालक ओशाळून म्हणाले. "माझं भांडं सोडलं तर बाकी सगळी चोरीच आहे असं वाटलं मला."

कॅमेऱ्याचा विषय पुन्हा निघाला नाही. संध्याकाळी पेंढ्यातले सगळे तुकडे टेबलावर मांडले गेले. सगळे कामगार भोवती जमून राखणदाराच्या तोंडाकडे बघत होते. त्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, तुकडे थोडे बाजूला सारले आणि डबा उघडला.

"हळू," बायको म्हणाली, "घास अडकेल."