पुस्तकांना नापास करणाऱ्या बाई

आमच्या शाळेत मुलं नापास होत नाहीत, पुस्तकं होतात.

तळा गावाहून बदली होऊन मी मुरुड आणि आगरदांड्याच्या मधल्या एका वाडीतल्या शाळेत रुजू झालो आणि पहिल्याच दिवशी कपाट उघडलं. आतल्या एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लाल पेन्सिलीने ठसठशीत लिहिलं होतं, 'नापास'. खाली सही. त्याखालच्या पुस्तकावर, 'नापास. पुन्हा संधी द्यावी.' सरकारी पुस्तकांवर असले शेरे मारणारा माणूस एकतर वेडा असणार, नाहीतर निवृत्तीला आलेला. हमीदाबाई निवृत्तीला आलेल्या निघाल्या. वेडाबद्दल माझी खात्री पटायला दोन महिने लागले आणि मत बदलायला एक दुपार.

"बाई, हे काय?" मी विचारलं.

"हे पुस्तक साहिलला शिकवू शकलं नाही. सहा महिने दिले होते."

"साहिलला?"

"पुस्तकाला, सर."

बाई ठेंगण्या, डोक्यावर पदर, चष्मा दोरीने गळ्यात. पिशवीत कात्री, खळ आणि मुरुडच्या दुकानांतून गोळा केलेली जुनी कॅलेंडरं. पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. त्यांच्या वर्गात तेवीस मुलं होती आणि वाचनाची तेवीस पुस्तकं, सगळी कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर बाईंनी स्वतः लिहिलेली. दुबईहून परत आलेल्या पोराचं पुस्तक क्रिकेटने सुरू व्हायचं, कारण मराठी अक्षरांत लिहिलेला तेवढाच शब्द त्याला आपला वाटायचा. कातकरीवाडीवरच्या मुलीचं पुस्तक आधी तिच्या घरच्या बोलीत, मग पाहुण्यासारखा एकेक शब्द शाळेच्या मराठीतला. एकाला डोळ्यांनी कमी दिसायचं, त्याची अक्षरं केळ्याएवढी.

"एवढं कशाला, बाई? सगळ्यांना एकच धडा दिला की काम भागतं."

"सगळ्यांना एकाच मापाची चप्पल देता का, सर?" असं म्हणून त्या पुन्हा कात्री चालवायला लागायच्या.

माझी पद्धत सुटसुटीत. मी एक ओळ म्हणायची, वर्गाने एका सुरात म्हणायची. माझा वर्ग वाचायला लागला की जेट्टीवर फेरीबोटीची वाट बघणाऱ्यांना ऐकू जातं, याचा मला अभिमान होता. त्यात चेतना माझं खास भूषण. ही तिसरीतली मुलगी त्याच वर्षी खाडीपलीकडच्या दिघीहून आली होती. आई मासळी विकायची. मुलगी खणखणीत आवाजात, न अडखळता वाचायची. शाळेत कोणी आलं की मी तिलाच उभी करायचो.

एका दुपारी बाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चेतना वाचत होती. बाईंनी पूर्ण धडा ऐकून घेतला, मग पुढच्या धड्याचं पान उघडून दिलं आणि तिने सुरुवात करताच पानावर आपला तळहात पसरला. सगळा मजकूर झाकला.

चेतना वाचतच राहिली. स्वल्पविरामालासुद्धा थांबली.

 बाई माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. "सर, हिला अख्खं पुस्तक नुसतं ऐकून पाठ आहे! इतकी हुशार मुलगी मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. आणि हिला अक्षर एक येत नाही."

चेतना मान खाली घालून रडायला लागली. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "रडतेस कशाला गं? हे लपवायला किती मेहनत घेतलीस तू. त्याच्या अर्ध्या मेहनतीत वाचायला येतं."

दुसऱ्या दिवशी तिच्या आईला बोलावलं. ती ओल्या हातांनीच आली. "बाई, व्हत न्हाय तर ऱ्हाऊ दे. माझ्यासंगं कोलंबी सोलाया बसंल."

"बसवा," बाई म्हणाल्या. "पण आठ दिवस मलाही बसू द्या."

आणि खरंच, शाळा सुटली की आमच्या ज्येष्ठ शिक्षिका बंदरावर कोलंबी सोलायला बसू लागल्या. त्यांची बोटं टोचून सुजली आणि कोलंबीची जी दशा झाली ती बघून चेतनाची आई म्हणाली, "बाई, तुम्ही नुसत्या बसा."

पाचव्या दिवशी खाडीत दोन होड्या आल्या, दोन्ही निळ्या. चेतना लांबूनच म्हणाली, "ती म्होरली आमच्या काकाची."

"कशावरून?" बाईंनी विचारलं.

"तिच्या नावाला खाली शेपटी हाय. दुसरीला न्हाय."

एका होडीवर 'समुद्रकन्या' लिहिलं होतं, दुसरीवर 'सागरकन्या'. 'मु'चा उकार पोरीने शंभर हातांवरून हेरला होता.

सकाळी बाईंनी मला शाळेच्या फाटकातच गाठलं. "सर, तिला अक्षर दिसतं! मोठं असलं, एकटं असलं की दिसतं. ओळीत दाटी झाली की एकमेकांच्या अंगावर चढतात." माझ्या हातातलं तिसरीचं पुस्तक त्यांनी काढून घेतलं आणि लाल पेन्सिल बाहेर आली.

चेतनाच्या नव्या पुस्तकात एका पानावर एकच शब्द, आणि प्रत्येक शब्द म्हणजे एका होडीचं नाव. पुढे वाक्यं आली तेव्हा बाईंनी पुठ्ठ्याला छोटी खिडकी कापली. ती ओळीवरून सरकवायची, एका वेळी एकच शब्द दिसायचा. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांचा घोळ काही सुटेना. मग ओहोटीला बाई तिला किनाऱ्यावर न्यायच्या, ओल्या वाळूत काठीने होडीएवढी अक्षरं काढायच्या आणि दोघी त्या रेघांवरून चालायच्या. लोक विचारायचे, "बाई, अंगठी हरवली का?"

"नाही हो. ध हरवलाय."

पाच महिन्यांनी विस्तार अधिकारी तपासणीला यायचे होते. मी आदल्या दिवशी बाईंना हळूच म्हटलं, "चेतनाला उद्या घरी ठेवू या का?" बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या बघण्यानंतर मी तो विषय काढला नाही.

साहेब आले. प्रत्येक मुलाने एकेकट्याने वर्गात येऊन एक अनोळखी उतारा एका मिनिटात वाचायचा होता, बाकीची मुलं लांब अंगणात. चेतनाची पाळी आली. तिने खिशातून खिडकी काढली, पहिल्या शब्दावर ठेवली आणि वाचायला लागली. एक शब्द. थांबली. दुसरा शब्द. मिनिट संपलं तेव्हा दीड ओळ झाली होती. साहेबांनी मोबाईलवरचं घड्याळ बंद केलं. "बस, बाळ."

"वाचू द्या तिला," बाई म्हणाल्या. "गाडी नाही पकडायची तिला."

साहेबांनी काय विचार केला कोण जाणे, पण मोबाईल खाली ठेवला.  चेतनाच्या कपाळावर घाम, बोट खिडकीच्या कडेवर. 'धनाजीने' या शब्दापाशी ती थबकली. मग बाकाखाली तिचा पाय फरशीवर हळूहळू फिरला, वर, गोल, खाली. "ध... धनाजीने." सहा ओळी. विहीर खणणाऱ्या माणसाची गोष्ट. शेवटी त्याला पाणी लागतं.

खिडकी खाली ठेवून तिने साहेबांना विचारलं, "पण पानी गोडं लागलं का खारं?"

साहेबांनी उतारा उचलून पुन्हा वाचला. "लिहिलं नाही गं यात."

"मग खनून उपेग काय?"

सकाळपासून चोवीस मुलांनी तो उतारा घडाघडा वाचला होता. तो कशाबद्दल आहे हे एकानेही विचारलं नव्हतं. साहेबांनी शेरेबुक उघडलं, थोडं लिहिलं, खोडलं आणि म्हणाले, "बाई, हे उतारे दुरुस्त करायला कुणाला सांगावं लागेल ते बघतो." चेतनाची आई दाराशी उभी होती.  दुसऱ्या दिवसापासून कोलंबी ती एकटीच सोलू लागली.

मी मात्र बाईंकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. देवळात गाभाऱ्यापाशी आपण आपोआप हळू बोलतो ना, तसा त्यांच्याशी बोलायला लागलो.

निवृत्तीच्या कागदांवर सही घ्यायला सुट्टीतल्या एका शुक्रवारी दुपारी त्यांच्या मुरुडच्या घरी गेलो. बाई एकट्याच राहतात. पाटावर कॅलेंडरचं पान पसरून मोठी अक्षरं काढत होत्या.

"हे कुठल्या मुलाचं?"

"माझ्या भाईचं. कुवेतला ट्रक चालवतो. मोठा आहे माझ्याहून." पेन्सिल थांबली. "दोनदा मागे राहिला म्हणून माझ्याच वर्गात होता. मास्तर त्याला उभं करायचे आणि मला वाचायला सांगायचे. 'बघ, धाकटी बहीण कशी वाचते.' आणि मी वाचायचे, सर. मोठ्याने. छान वाचायचे. एक दिवस तो शाळेत आलाच नाही."

पेन्सिल पुन्हा चालू लागली.

"दर शुक्रवारी एक पान पाठवते. फोन येतो, तब्येत विचारतो, खजूर मिळाला का विचारतो. पानाबद्दल कधी बोलत नाही."

त्यांनी पानाचा फोटो काढला आणि पाठवला. मी अर्ज पुढे केला, पण बाईंनी हात वर करून मला थांबवलं. मोबाईलवर दोन निळ्या खुणा उमटल्या होत्या आणि वर 'ऑनलाइन' दिसत होतं. एक मिनिट गेलं, दोन गेली. ते जाईना.

"थांबा, सर," बाई कुजबुजल्या. "तो अजून बघतोय."