आरशातला लाल ठिपका

आमच्या शेजारचे हवालदार आबा परवापरवापर्यंत रोज संध्याकाळी सात वाजता टीव्ही लावायचे आणि त्याच्याकडे पाठ करून बसायचे. आवाज बंद. हातात दाढीचा आरसा. तो आरसा असा धरायचा, की त्यात टीव्ही अजिबात दिसू नये, फक्त खालच्या सेट-टॉप बॉक्सवरचा लाल ठिपका दिसावा. ठिपका पेटलेला असला म्हणजे रेकॉर्डिंग चालू. नऊ वाजेपर्यंत हा पहारा.

पहिल्यांदा हे खिडकीतून पाहिलं तेव्हा मी घाबरलोच. म्हटलं, म्हातारा बिघडला.

"आबा, टीव्हीकडं बघा की!"

"बघायचं न्हाई. तुमची काकी आल्यावर बघायचं," आबा आरशावरची नजर न हलवता म्हणाले. "आन् मास्तर, खिडकीतनं बाजूला व्हा. उजेड आडतोय."

काकी म्हणजे आबांच्या मंडळी, सुमनकाकी. लोणंदला त्यांच्या भावाचं अर्धं अंग गेलं. त्याला मागेपुढे कुणी नाही, म्हणून काकी त्याचं करायला गेल्या. "पंधरा दिवसांत येते," म्हणाल्या होत्या, त्याला आता आठ महिने झाले. आबा फौजेतून रिटायर होऊन इस्लामपूरला आले तेव्हापासून दोघं रोज शेजारी बसून तीन मालिका बघायची. निघताना काकी पिशवी उचलता उचलता सहज बोलून गेल्या, "माझ्या मालिका तेवढ्या टेप करून ठेवा." झालं! आबांना ऑर्डर मिळाली.

आणि माझे ग्रह फिरले. शाळेत सायन्स शिकवणाऱ्या माणसाला विजेवर चालणारं सगळं कळतं, असा आबांचा ठाम समज आहे. मिक्सरपासून बोअरच्या मोटरीपर्यंत काही बंद पडलं की "मास्तर!" अशी हाक येते. अहो, मी सहावीला प्रकाशसंश्लेषण शिकवतो!

रेकॉर्डिंगवाला बॉक्स घ्यायला मी त्यांच्याबरोबर तीन गावं पालथी घातली. इस्लामपुरातला दुकानदार हसून म्हणाला, "आबा, आता टेप कोण करतंय? मोबाईलवर कवाबी बघा की."

"मी टेप मागितलं. सल्ला मागितला न्हाई," म्हणून आबा पायरी उतरले.

सांगलीच्या दुकानात एक बॉक्स होता, पण त्याला पेन ड्राइव्ह वेगळा लावायचा, आणि तो कुठला चालेल ते दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. दुसरा बॉक्स होता तो पंधरा दिवसांनी जुनं आपोआप पुसायचा. "आपल्या मनानं पुसतोय? कुणाला इचारून?" आबांनी त्याला जागेवरच नापास केलं. शेवटी साताऱ्यात मोठ्या डिस्कचा एक मिळाला. दुकानदार प्रामाणिक होता. म्हणाला, "एक सांगतो, बॉक्स बिघडला तर ह्यातलं रेकॉर्डिंग दुसऱ्या बॉक्सवर चालत नाही."

"म्हंजे शिपाई मेला की त्याची रायफलबी पुरायची व्हय?" आबा कडाडले. पण घेतला तोच. माझी पाठ मोडून आली होती, मी 'घ्या आबा, घ्या' म्हणून हात जोडले होते.

घरी आणल्यावर खरा तमाशा सुरू झाला. एका वेळी एकच चॅनेल टेप व्हायचा आणि काकींच्या तिन्ही मालिका तीन चॅनेलवर, एकीची शेवटची पाच मिनिटं नेमकी दुसरीवर चढलेली. मॅच लांबली की मालिका पुढे सरकायची, बॉक्सला त्याचा पत्ता नाही, तो इमानेइतबारे मॅच टेप करायचा. रविवारी दोन तासांचा महाएपिसोड असला की हा अर्ध्या तासात हात झटकून मोकळा. आभाळ भरून आलं की आबा अंगणात उभे राहून छत्रीएवढ्या डिशकडे बघत शिव्या घालायचे. लाइट गेली की तडक माझ्या दारात.

"मास्तर, लाइट गेली."

"माझीही गेलीय आबा."

"तुमचं काय टेप हुत न्हाई!"

एकदा तर कमाल झाली. आबा काकींना भेटायला दोन दिवस लोणंदला गेले. जाण्याआधी आम्ही दोघांनी बसून सगळी वेळापत्रकं बॉक्सला पढवली होती. परत येऊन बघतात तर एक एपिसोड नाही. मी डोकं खाजवत बसलो. मग कळलं की घर सोडताना आबांनी मेन स्विच पाडला होता. बावीस वर्षांची सवय, क्वार्टर सोडली की मेन बंद. त्या दिवशी आबा जेवले नाहीत. मला मेली चिडायचीही सोय राहिली नाही.

रात्री नऊच्या ठोक्याला ते काकींना फोन लावायचे. आमची भिंत एकच, आबांचा आवाज परेड ग्राउंडवरचा, त्यामुळे सगळं ऐकू येतं.

"टेप झालं... भाऊ कसा हाय?... बरं. ठेवतो."

संपलं! आठ महिने रोज एवढंच. मी बायकोला म्हणायचोसुद्धा, हा माणूस बायकोला फोन करतो की हेडक्वार्टरला?

आणि मागच्या मंगळवारी दुपारी ती हाक आली. पण नेहमीसारखी नाही, बारीक. मी चप्पल न घालताच गेलो. आबा पहिल्यांदाच टीव्हीकडे तोंड करून बसले होते. पडद्यावर रेकॉर्डिंगची यादी उघडी होती, आणि ती कोरी होती.

"डिस्क भरली म्हणून लाल पाटी आली," आबा म्हणाले. "खाली लिवलं हुतं, फॉरमॅट करा. पडद्यावर ऑर्डर आली, म्या दाबलं."

"अहो आबा, मला हाक तरी मारायची!"

"ऑर्डरला सवाल करायची सवय न्हाई, मास्तर."

मी जे येत होतं ते सगळं केलं. बॉक्स बंद-चालू केला, कस्टमर केअरला फोन लावला. तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, की गेलेलं परत येत नाही. आबा आरसा उलटा करून मांडीवर घेऊन बसले होते.

"माझ्या नोकरीत तिनं बावीस वर्षं वाट बघितली, मास्तर," ते म्हणाले. "एकटीनं. आन् मला आठ महिन्यांचं टेप संभाळता आलं न्हाई. तुमी सांगा तिला. माझ्यानं हुणार न्हाई."

मी घरी येऊन काकींना फोन लावला. शब्द जुळवत, चाचरत सगळं सांगितलं. पलीकडे काकी चक्क हसल्या.

"आवं मास्तर, मी सगळं बघितलंय. भावाच्या खोलीत टीव्ही हाय. रोज सात ते नऊ आमी भाऊ-बहीण बघतो. त्यालाबी तेवढाच इरंगुळा."

मी उडालोच. "मग काकी, आबांना सांगितलं का नाही? माणूस आठ महिने भिंतीकडं तोंड करून बसलाय!"

"सांगून काय करू? सात ते नऊ हा गडी करणार काय? दिवस कसाबी जातोय, पर दिवेलागणीला रिकामं घर खायला उठतंय त्यानला. काम असलं की बसत्यात गप." मग आवाज जरा बदलला. "आता असं करा मास्तर. त्यानला म्हणावं, टेप ऱ्हाऊ द्या. रोज सोता बघा आन् मला फोनवर सगळं सांगा, गोष्ट तुटाय नको म्हणावं. लगीन झाल्यापासनं कवा दोन वाक्यांच्या वर बोलला न्हाई हो माणूस."

मी निरोप जसाच्या तसा दिला. बाकीचं पोटात ठेवलं. आबांनी पाठ सरळ केली, "बरं," म्हणाले आणि आरसा मोरीत खिळ्याला परत अडकवून आले.

आता सात ते नऊ आमच्या भिंतीपलीकडे टीव्ही मोठ्या आवाजात चालू असतो आणि नवाला फोन लागतो.

"ऐक. थोरली सून माजघरातनं आत घुसली. सासू आधीच दबा धरून. धाकटीनं कागद चोरला, पर माघार घेताना घावली... ती व्हय? ती निळ्या साडीची, नाव इसरलो... आगं रडत हुती की! का रडत हुती ते उद्या कळल."

पाऊण तास चालतं हे. सगळी नावं चुकलेली, अर्धी नाती उलटीपालटी. आणि पलीकडे सगळं आधीच बघून बसलेली ती बाई मध्येमध्ये "व्हय? मग?" म्हणत असणार.

काल रिपोर्ट संपला, तरी "ठेवतो" काही आलं नाही. मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. भिंतीपलीकडून आबांचा आवाज आला, पण परेडचा नव्हे, मला जेमतेम ऐकू येईल एवढाच.

"सुमन, एकट्याला करमत न्हाई गं. भावाला घिऊनच ये हितं. म्या करतो त्याचं. दोघं मिळून करू."

मी उठलो आणि आमच्या बाजूची खिडकी लावून घेतली.