शनिवारची जोडी

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गायधनी काका व्हिस्की पिण्याआधी तिची आणि खाण्याची ओळख करून देतात. म्हणजे अक्षरशः. ग्लास इकडे, वाटी तिकडे, मध्ये चार बोटं अंतर. मग दोन मिनिटं खोलीत कोणी बोलायचं नाही. वास उडतो म्हणून पंखासुद्धा बंद. भर मे महिन्यात, नाशिकरोडला, तीन धडधाकट पुरुष घामाघूम होऊन एका वाटीकडे टक लावून बसलेत, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, घरात कोणीतरी गेलं.

तसं काही नव्हतं. काका फक्त काटा बारावर यायची वाट बघत होते.

हा काटा काय ते सांगायला हवं. काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. नवीन मशीन चालू लाइनला जोडायचं तर आधी दोघांची गती जुळावी लागते म्हणे. त्यासाठी घड्याळासारखं एक मीटर असतं. त्याचा काटा सावकाश फिरत बारावर आला की बटण दाबायचं. घाई केली तर धडाम. काकांनी आयुष्यभर हे एवढं मन लावून केलं की निवृत्त झाल्यावर जगातल्या प्रत्येक गोष्टीला ते हाच नियम लावतात. शेजारच्या पोराचं लग्न मोडलं तर म्हणाले, काटा दहावर असताना बटण दाबलं. माझी आणि सासूबाईंची जुंपली की ते जिन्यात थांबून विचारतात, किती वाजलेत?

पण काकांचा खरा जीव शनिवारी संध्याकाळी सातच्या बैठकीत. बैठकीला माझा नवरा मंदार असतो आणि काकांचे जुने सहकारी शेखभाई. शेखभाई थेंबभरही पीत नाहीत. ते सोडा घेऊन बसतात आणि जे काय खायला येईल ते मन लावून खातात, म्हणून काकांच्या मते ते सगळ्यात निःपक्षपाती परीक्षक. मंदारने पहिल्याच दिवशी उत्साहाने विचारलं, काका, चखणा काय आहे? झालं. काकांनी ग्लास खाली ठेवला आणि पाऊण तास त्याचं बौद्धिक घेतलं. चखणा म्हणजे नोकर, बोलावलं की यायचं आणि मुकाट्याने संपायचं. आपल्याकडे जोडी असते. जोडीत कोणी नोकर नसतं. घरी आल्यावर मंदार मला म्हणाला, एवढं तर आपल्या लग्नात भटजींनीपण समजावलं नव्हतं.

बाकी नियमही आहेत. बर्फ घालणारा माणूस काकांच्या मनातून कायमचा उतरतो. पाणी माठातलं, आणि तेही चमच्याने, डोळ्यांत औषध घालावं तसं. अख्खं नाशिक वाइनच्या नादी लागलंय, पण काकांचं मत ठाम आहे की द्राक्षं ही खायची वस्तू आहे. दारूचा परवाना त्यांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय, बरोबर देवघरासमोर. देवापासून काय लपवायचं, असं त्यांचं म्हणणं.

आणि जोड्या काय एकेक लागायच्या! मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याची फक्त साल. तुपावर फुगवलेले बेदाणे आणि वर भरडलेली मिरी. गुळपोळीच्या कडेचा कडक तुकडा. मंदार या गोष्टी सांगताना डोळे मिटायचा. मी व्हिस्की पीत नाही असं सोसायटीत सांगते, पण बेदाण्यांच्या शनिवारी मी चमचाभर चाखली होती आणि खोटं कशाला बोलू, मला तिथेच गाणं म्हणावंसं वाटलं. पिंपळगावपर्यंत काकांचं नाव झालं होतं. कोणाकडे चांगली बाटली आली की फोन यायचा, गायधनी साहेब, ह्याच्याबरोबर काय?

आता आतली गोष्ट. हे सगळं डोकं काकांचं नव्हतंच. ते होतं विजूकाकूंचं.

काकू वणीच्या. गुरुवार कडक पाळणाऱ्या. व्हिस्कीचा थेंब त्यांच्या जिभेला कधी लागला नाही. पण काका ग्लास भरला की आधी स्वयंपाकघरात जायचे, काकूंच्या नाकाखाली धरायचे आणि विचारायचे, विजू, ह्याच्याबरोबर काय? काकू पोळी लाटता लाटता एकदा हुंगायच्या आणि सांगायच्या, लिंबाचं लोणचं, पण फोड नको, साल. बस. काका बाहेर येऊन असं जाहीर करायचे की जणू त्यांनाच साक्षात्कार झालाय. मी काकूंशी गप्पा मारायला स्वयंपाकघरात बसायचे म्हणून मला हे ठाऊक. काकूंना त्याची गंमत वाटायची. लग्नाला चाळीस वर्षं झाली, हे गृहस्थ अजून मला विचारल्याशिवाय पीत नाहीत, असं सांगताना चक्क लाजायच्या.

मग कोरोना आला आणि काकूंचं नाक गेलं. बाकी त्या ठणठणीत बऱ्या झाल्या, पण वास काही परत येईना. फोडणी दिली काय आणि नाही दिली काय, सारखंच. काकांनी तर आकाशपाताळ एक केलं. नाकाचे डॉक्टर झाले, वैद्य झाले, ओव्याची पुरचुंडी झाली, वणीच्या गडावर जाऊन नवस झाला. रोज सकाळी लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब ओळीने हुंगायला लावायचे आणि समोर उभं राहून विचारायचे, आला? शनिवारची बैठक बंद झाली. मंदारने एकदा नुसता विषय काढला तर म्हणाले, मेन लाइनच ट्रिप झालीय, आपण कसले दिवे लावतोय.

असे पाच-सहा महिने गेले आणि एका सकाळी काकू म्हणाल्या, आला. लवंगेचा आला. काकांनी सोसायटीत पेढे वाटले. कशाचे पेढे, लोक विचारायचे. नाक आलं, काका सांगायचे. दोन नंबरच्या जोशीबाईंना वाटलं, नात आली. त्यांनी झबलं आणून दिलं. काकांनी तेही घेतलं.

बैठक पुन्हा सुरू झाली आणि पहिल्याच शनिवारी जोडी आली शेवयांच्या खिरीची.

मंदारला वाटलं, गंमत आहे. पण काकांनी पंखा बंद केला, दोन मिनिटं थांबले, घोट घेतला, वर चमचाभर खीर खाल्ली आणि म्हणाले, वा, काटा बारावर. पुढच्या शनिवारी कारल्याची भाजी. मग दुधी हलवा. एकदा ताकातली उकड. मंदार घरी यायचा तो पोट धरूनच. शेखभाईंना सोड्याबरोबर काहीही चालायचं, तरी उकडीच्या दिवशी तेही म्हणाले की गायधनी साब, ये जोडी का तलाक करवा दो. काका मात्र शेवटच्या घासापर्यंत खायचे आणि प्रत्येक वेळी स्वयंपाकघराकडे तोंड करून खणखणीत आवाजात दाद द्यायचे. मला तर खात्रीच झाली की कोरोनाने काकूंचं नाक सोडलं आणि जाताना काकांची जीभ घेऊन गेला.

खरं काय ते एका दुपारी कळलं. काकूंनी मला चहा दिला. दूध नासलेलं. कप तोंडाजवळ नेण्याआधीच वास भपकन आला आणि काकू मात्र समोर बसून तोच चहा शांतपणे पीत होत्या. मी बघतच राहिले. त्यांना कळलं की मला कळलं. कप खाली ठेवून त्यांनी माझा हात धरला.

"काही आलेलं नाही गं. अजिबात नाही. मी ठोकून देते."

मी म्हटलं, अहो पण का? तर म्हणाल्या, हा माणूस दिवसभर माझ्या नाकाकडे बघत बसायचा. जेवताना, टीव्ही लागला असताना, झोपतानासुद्धा. मित्र तोडले, शनिवार सोडला. नाक काय, गेलं तर गेलं, पण ह्यांचा चेहरा मला बघवेना. म्हणून सांगितलं, आला. आता दर शनिवारी ते ग्लास धरतात. मी डोळे मिटून हुंगल्यासारखं करते आणि जे तोंडाला येईल ते सांगते. तुला देवीची शप्पथ, त्यांना कळू देऊ नकोस. कळलं तर ते पुन्हा मान खाली घालून बसतील.

झाले मी कटात सामील. शनिवारी काकूंच्या शेजारी उभं राहून मी आधी हुंगायचं आणि कानात सुचवायचं असं ठरलं. पण मला सगळ्या व्हिस्कींना एकच वास येतो, महागाचा. माझ्या सल्ल्याने एका शनिवारी भगर झाली. काकांनी तीही खाल्ली, आणि वर म्हणाले की आज विजूने कमाल केली. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्या दिवशी परीक्षकपदाचा राजीनामा दिला. पण त्यांची धास्ती काही कमी होईना. एखाद दिवशी ह्यांच्या लक्षात येईल, असं त्या दर शुक्रवारी मला म्हणायच्या.

अशी दोन वर्षं गेली. परवाच्या दिवाळीनंतर काकांचा भाचा परदेशातून आला आणि एक बाटली देऊन गेला. काका आठवडाभर हवेत. जिन्यात भेटेल त्याला सांगत होते, तिकडे एका बेटावर दलदलीतली माती वाळवून जाळतात, तिच्या धुरावर जव सुकवतात आणि त्याची ही व्हिस्की. मला म्हणाले, धुराची व्हिस्की, अश्विनी, धुराची! आयुष्यभर मी धुरांड्याखाली नोकरी केली आणि आता धूर माझ्याकडे चालत आलाय. वॉचमनलासुद्धा त्यांनी बाटलीचा खोका दाखवून आणला. काकूंना मात्र मुद्दाम काही सांगितलं नाही. तिने कोऱ्या नाकाने सांगितलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. एवढ्या खास बाटलीला मी काय सांगू गं, भलतंच सांगितलं तर आज नक्की पकडली जाईन, असं काकू दुपारपासून घोकत होत्या.

शनिवारी सातला मी स्वयंपाकघरात हजर. काकू मिक्सरवर खोबऱ्याची चटणी वाटत होत्या. बाहेर बाटलीचं बूच निघालं आणि बैठकीत एकच गलका झाला. शेखभाई उठून थेट मीटरच्या खोक्याकडे पळाले, कारण केबल जळल्याचा वास त्यांना झोपेतही कळतो. मंदार त्यांना ओढून परत आणत होता. हे सगळं मी दारातून बघितलं, मिक्सरच्या घरघरीत काकूंना काही ऐकू गेलं नाही. हसत हसत काका ग्लास घेऊन स्वयंपाकघराकडे निघाले.

मिक्सर थांबला आणि काकू एकदम वळल्या.

"अगं बाई, दूध लागलं वाटतं."

त्या गॅसकडे धावल्या. गॅस बंद. दुधाचं पातेलं फ्रीजमध्ये. त्यांनी मिक्सरच्या भांड्याला हात लावून बघितला, वायर बघितली, खिडकी उघडून खाली डोकावल्या. कोणी पालापाचोळा पेटवलाय का बघ, मला म्हणाल्या, काहीतरी जळतंय, तुला येत नाही का वास? मी नुसतं बोट दाखवलं. जळत काहीच नव्हतं. काका त्यांच्या मागे, हातभर अंतरावर, ग्लास धरून उभे होते.

काकू वळल्या. काकांनी ग्लास पुढे केला. त्यांनी नाक जवळ नेलं, चटका बसल्यासारखं मागे घेतलं, आणि पुन्हा नेलं. या वेळी डोळे मिटले नाहीत. ते भरून आले होते.

काका नेहमी बैठकीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात. त्या दिवशी मला जेमतेम ऐकू आलं.

"विजू, आज खरंच आला ना गं?"

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, काकूंनी विचारलं. काकांनी मान हलवली. पहिल्या दिवसापासून, म्हणाले. लवंगेच्या दिवसापासून. पेढे वाटलेस की हो तुम्ही, असं काकूंनी म्हटलं तेव्हा त्या अहो आणि अरे दोन्ही एकात करून बसल्या होत्या. काका म्हणाले, तू एवढं माझ्यासाठी खोटं बोललीस, त्याचे वाटले. दोन वर्षं हा माणूस कारलं, उकड आणि भगर व्हिस्कीबरोबर गिळून दर शनिवारी दाद देत होता, आणि मी त्याला जीभ नसलेला समजत होते. मला रडू आवरेना. मी ओट्यावरचं फडकं घेऊन त्यानेच डोळे पुसले, त्याला चटणी लागली होती, ते वेगळंच.

नऊच्या आत कोणाला हलू न देणारे काका बाहेर आले आणि मंदारला आणि शेखभाईंना म्हणाले, आज या तुम्ही. उद्या सांगतो. शेखभाईंनी एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, सोडा तसाच ठेवला आणि चपला घातल्या.

आमचं दार समोरच. मी कुलूप उघडत होते तेव्हा त्यांच्या जाळीच्या दारातून स्वयंपाकघर दिसत होतं. काकांनी डबे काढले होते, एकेकाचं झाकण उघडून ते काकूंसमोर धरत होते. जिरं? काकू मानेने नाही म्हणत. हिंग? नाही. वेलदोडा? नाही. कॉफी? तिलाही नाही. मंदार आत जाऊन मला हाका मारत होता, पण माझा पाय उचलेना. काका जराही हिरमुसले नव्हते. डबे संपले तसा त्यांनी पुन्हा तो ग्लास उचलला आणि त्यांच्या नाकाखाली धरला.

"आला?"

"आला," काकू म्हणाल्या.