खुर्ची पाहायला येते

दातांच्या डॉक्टरला खुर्ची निवडता येत नाही. खुर्चीच डॉक्टरला पाहायला येते आणि पसंती कळवते. अकलूजच्या डॉ. मृदुला खांबेटे यांना दोन खुर्च्यांनी नकार दिला होता. तिसरा नकारही आला की दवाखान्याची परवानगी कायमची जाते, असा नियमच आहे.

तिसरी खुर्ची टेम्पोतून उतरली. सोबत मध्यस्थ हेबळे होते. खुर्चीचा हिरवा रंग उडाला होता आणि दोन्ही हातांवर नखांच्या खुणाच खुणा होत्या. तीस वर्षांत अठ्ठेचाळीस हजार माणसं हिच्यावर आडवी झाली, असं हेबळ्यांनी हळू आवाजात सांगितलं. मृदुलाताईंनी नकळत चपला काढल्या.

आधीच्या दोघींना त्यांनी सुवर्णपदकापासून नव्या एक्स-रे मशीनपर्यंत सगळं घडाघडा सांगितलं होतं. हिला त्यात रस नव्हता. तिने त्यांना बसवलं, पाठ मागे नेली आणि दिवा तोंडावर ओढला.

"आ करा," ती म्हणाली. "आणि सांगा, दात काढल्यावर तुम्हाला काय होतं?"

आता तोंड उघडं ठेवून बोलायचं तरी कसं? पण दुसऱ्यांच्या दवाखान्यांत सहा वर्षं त्या स्वतः पेशंटना असंच विचारत आल्या होत्या. त्यांनी 'मी' म्हणून पाहिलं. जमेना, 'मी' म्हणायला ओठ मिटावे लागतात. सुवर्णपदकाची सगळी वाक्यं 'मी'पासूनच सुरू होत होती, ती जागच्या जागी राहिली. मग जे उरलं, ते त्यांनी सांगितलं.

हेबळ्यांना नुसतं आ-आ-ऊ ऐकू आलं. कागदावर नोंद करायची म्हणून त्यांनी खुर्चीकडे पाहिलं.

"लिहा," खुर्ची म्हणाली. "समोरच्याचा दात निघाला, की जीभ आपल्याच तोंडात तो दात शोधते. दर वेळी. सापडेपर्यंत धीर धरवत नाही."

हे मृदुलाताईंनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. अठ्ठेचाळीस हजार माणसं उघड्या तोंडाने जे बोलली होती, ते कुणीतरी ऐकलं होतं तर!

हेबळ्यांनी टोपी काढली आणि मग पसंतीचा शिक्का मारला.

"चूळ भरा," खुर्ची म्हणाली.

नळाची जोडणी परवा व्हायची होती. तरीही खुर्चीजवळचा पेला आपोआप भरला. मृदुलाताईंनी चूळ भरली.